६४ शहरांचा नकाशा : इंटरनेटला वाट दाखवणारे एड्सगर डायक्स्ट्रा

१९५७ सालची गोष्ट. नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहरात एक सव्वीस वर्षांचा तरुण लग्नाच्या नोंदणीसाठी गेला. कागदावर व्यवसाय लिहायचा होता. त्याने सांगितले, प्रोग्रॅमर. पालिकेच्या अधिकाऱ्यांनी ते मान्य केले नाही. असा काही व्यवसायच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटी त्या रकान्यात सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे लिहिले गेले आणि लग्न लागले.

गंमत अशी की, आदल्याच वर्षी या तरुणाने एक असे गणित मनातल्या मनात सोडवले होते, ज्याच्यावर आज जगभरातील नेटवर्क चालतात. बेळगावातून इंदूरच्या नातेवाइकांना कोणी फोटो पाठवतो, तेव्हा तो कंपनीच्या कोणत्या केबलवरून पुढे न्यायचा, हे बहुतेक वेळा याच गणिताने ठरते. त्या तरुणाचे नाव एड्सगर डायक्स्ट्रा.

रसायनशास्त्रज्ञ वडील, गणिती आई

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम या बंदराच्या शहरात झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ. शाळेत शिकवायचे आणि डच रसायनशास्त्र संस्थेचे अध्यक्षही झाले होते. आई गणित शिकलेली. तिने कधी नोकरी केली नाही, पण लांबलचक आकडेमोडीपेक्षा नेटका मार्ग शोधावा, हे वळण मुलाला तिच्याकडून मिळाले. ते दहा वर्षांचे झाले त्याच आठवड्यात, १४ मे १९४० रोजी, जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला. पुढची पाच वर्षे देश जर्मनीच्या ताब्यात होता.

शाळेत असताना कायदा शिकावा आणि संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असा त्यांचा विचार होता. पण शेवटच्या परीक्षेत गणित आणि शास्त्रात उत्तम गुण पडले. मग १९४८ मध्ये ते लायडन विद्यापीठात दाखल झाले. १९५१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजला संगणकाचा प्रोग्रॅम कसा लिहायचा याचा छोटा अभ्यासक्रम होता. तो त्यांनी केला आणि तिथून गाडीने रूळ बदलला. मार्च १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागले.

त्या काळी प्रोग्रॅमिंग हे शास्त्र मानलेच जात नव्हते. भौतिकशास्त्र सोडून यात पडलो तर उद्या लोकांना काय सांगायचे, ही चिंता त्यांनाही होती. त्यांचे वरिष्ठ आड वान वाइनगार्डन यांनी समजूत घातली. संगणक आता राहणारच आहेत, तेव्हा या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा देणारे तुम्हीच का होऊ नये, असे त्यांनी विचारले. डायक्स्ट्रा यांनी ते मनावर घेतले.

वीस मिनिटे आणि एक कप कॉफी

१९५६ मध्ये गणित केंद्रात आर्मॅक नावाचा नवा संगणक तयार झाला. उद्घाटनाला सामान्य लोक येणार होते. त्यांना कळेल असे काहीतरी करून दाखवायचे होते. डायक्स्ट्रा यांनी विषय निवडला रस्त्यांचा. नेदरलँड्समधील ६४ शहरे घ्यायची. पाहुण्याने कोणतीही दोन सांगायची आणि संगणकाने सर्वांत जवळचा रस्ता काढून द्यायचा. शहरे ६४ च का, तर सहा बिटांत नेमके ६४ क्रमांक बसतात.

पण गणित सुटायला हवे ना! एके सकाळी ते होणाऱ्या पत्नीबरोबर, रिया यांच्याबरोबर, ॲमस्टरडॅमच्या बाजारात खरेदीला गेले होते. दोघेही दमले आणि एका कॅफेच्या ओट्यावर कॉफी प्यायला बसले. कागद नाही, पेन्सिल नाही. साधारण वीस मिनिटांत त्यांच्या मनात रीत तयार झाली. कागद नसल्यामुळेच ती सोपी राहिली, असे ते पुढे सांगत. हाताशी कागद असला की माणूस गुंता वाढवत नेतो.

तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, ही रीत छापून आली. लेख अवघा तीन पानांचा. त्याच लेखात दुसरेही एक गणित होते, सगळी ठिकाणे कमीत कमी तारेत कशी जोडायची याचे. संगणकाच्या मागच्या बाजूला लागणारी तांब्याची तार वाचवण्यासाठी त्यांना ते हवे होते.

रीत आहे तरी काय?

ही रीत समजायला संगणक लागत नाही. हिशेबापुरते ढोबळ आकडे धरू. रॉटरडॅमहून उट्रेख्ट ६० किलोमीटर, ॲमस्टरडॅम ८०. उट्रेख्टहून ॲमस्टरडॅम ४५ आणि झ्वोले ९०. ॲमस्टरडॅमहून झ्वोले ११०. झ्वोलेहून ग्रोनिंगन १०५. आता रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जायचे आहे.

सुरुवातीला हाती दोनच नोंदी आहेत, उट्रेख्ट ६० आणि ॲमस्टरडॅम ८०. यातली लहान नोंद उट्रेख्टची. ती लगेच पक्की करायची. कारण उट्रेख्टला दुसरी कोणतीही वाट घेतली तरी आधी ॲमस्टरडॅमला जावे लागेल आणि तिथेच ८० खर्च होतील. खर्च कधी उणे होत नाही, म्हणून ६० पेक्षा स्वस्त काही निघणारच नाही.

आता उट्रेख्टवरून पुढे बघायचे. ॲमस्टरडॅम ६० अधिक ४५ म्हणजे १०५, पण आपल्याकडे ८० आहे, तेव्हा हे सोडून द्यायचे. झ्वोले ६० अधिक ९० म्हणजे १५०, ही नवी नोंद. उरलेल्यात लहान ८०, म्हणून ॲमस्टरडॅम पक्के. तिथून झ्वोले १९० पडते, जुने १५० बरे. मग झ्वोले १५० वर पक्के आणि ग्रोनिंगन २५५ वर.

सारांश एवढाच की, हाती असलेल्या नोंदींतली सर्वांत स्वस्त पक्की करा, तिथून पुढचे शेजारी बघा आणि हेच परत परत करा. एकदा पक्की झालेली नोंद पुन्हा उघडावी लागत नाही.

नाव झाले, पण वेगळ्याच कामांनी

या तीन पानांनी लगेच काही नाव झाले नाही. डायक्स्ट्रा यांची ख्याती झाली ती इतर कामांनी. १९६० मध्ये त्यांनी आणि याप झोनेफेल्ड यांनी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर पूर्ण केला. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही असे दोघांनी ठरवले होते. काम संपल्यावर झोनेफेल्ड यांनी दाढी काढली, डायक्स्ट्रा यांनी आयुष्यभर ठेवली.

१९६२ मध्ये ते आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात प्राध्यापक झाले. एकाच संगणकावर अनेक कामे एकदम चालू असताना ती एकमेकांच्या पायात पाय घालू नयेत, यासाठी त्यांनी रेल्वेच्या सिग्नलसारखी सोय शोधली. तिला त्यांनी नावही तेच दिले, सेमाफोर. १९६८ मध्ये प्रोग्रॅममधल्या गो टू या आज्ञेविरुद्ध त्यांचे पत्र छापून आले आणि वादळ उठले. ज्या प्रोग्रॅममध्ये कुठूनही कुठे उडी मारता येते, तो बरोबर आहे हे पटवून देता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९७२ मध्ये संगणकशास्त्रातला सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. लग्नाच्या कागदावर जो व्यवसाय मान्य झाला नव्हता, त्याच व्यवसायातला हा सन्मान.

१९७४ मध्ये त्यांनी आणखी एक छोटा लेख लिहिला, फक्त दोन पानांचा. प्रश्न असा होता : अनेक यंत्रे एकमेकांना जोडलेली आहेत, प्रत्येकाला फक्त आपला शेजारी दिसतो, वरून लक्ष ठेवणारा कोणी नाही. अशा वेळी काहीही बिघाड होऊन सगळा कारभार विस्कटला, तर माणसाने हात न लावता तो आपोआप ताळ्यावर येईल का? येतो, हे त्यांनी दाखवून दिले. लेखाकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही.

नाक्यानाक्यावरची विचारपूस

दरम्यान अमेरिकेत १९६९ पासून आर्पानेट सुरू झाले होते. संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारे हे नेटवर्क म्हणजे आजच्या इंटरनेटचे पूर्वज. जिथे तारा एकत्र येतात तिथे एक छोटा संगणक बसवलेला असे. त्याचे काम नाक्यावरच्या माणसाचे. आलेला माल बघायचा आणि पुढच्या वाटेला लावायचा. आज या कामाच्या यंत्राला आपण राऊटर म्हणतो.

पहिल्या पद्धतीत कोणत्याच नाक्याकडे पूर्ण नकाशा नव्हता. शेजाऱ्याला विचारायचे, अमुक ठिकाण तुझ्यापासून किती लांब? तो सांगेल त्यात आपले अंतर मिळवायचे. झाले आपले उत्तर. सगळे सुरळीत असेल तोवर हे चालते. पण पुढचा पूल पडला की पंचाईत. पहिला म्हणतो वाट दुसऱ्याकडून आहे, दुसरा म्हणतो पहिल्याकडून. सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात तसा माल दोघांच्या मध्ये फिरत राहतो. ऐकीव माहितीवर हिशेब केला की असे होते.

सगळ्यांच्या हाती एकच नकाशा

म्हणून १९७९ मध्ये आर्पानेटने पद्धत बदलली. बीबीएन या कंपनीतले जॉन मॅकक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन यांनी नवी रीत बसवली. हीच लिंक-स्टेट पद्धत. लिंक म्हणजे दोन नाक्यांमधला दुवा आणि स्टेट म्हणजे त्याची आजची अवस्था.

यात प्रत्येक नाका ऐकीव काही सांगत नाही. तो फक्त स्वतःच्या दारातल्या तारांबद्दल बोलतो. माझ्यापासून अमुक शेजारी, खर्च इतका. एवढीच चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर पावतीसारखा क्रमांक टाकायचा आणि सगळ्या शेजाऱ्यांना द्यायची. शेजाऱ्याने क्रमांक बघायचा. नवी असेल तर आपल्या वहीत नोंदवून पुढे पाठवायची. आधीच आलेली असेल तर तिथेच थांबवायची. गावात बातमी पसरावी तशी ती चिठ्ठी जराशा अवधीत सगळीकडे पोहोचते. सगळ्यांच्या चिठ्ठ्या जुळवल्या की प्रत्येकाकडे पूर्ण नेटवर्कचा नकाशा तयार होतो आणि तो सगळ्यांकडे सारखाच असतो.

यानंतर कॅफेतली रीत कामाला येते. प्रत्येक नाका स्वतःला रॉटरडॅम समजतो आणि आपल्यापासून प्रत्येक ठिकाणाची स्वस्त वाट काढतो. पूर्ण वाट तो मालासोबत लिहून देत नाही. फक्त पुढचा शेजारी कोण, एवढे लक्षात ठेवतो. नकाशा सगळ्यांचा एकच असल्यामुळे पुढचा नाकाही तोच हिशेब करतो आणि माल गोल फिरत नाही. तार तुटली तर तिच्या दोन्ही टोकांचे नाके नव्या चिठ्ठ्या काढतात, नकाशा बदलतो आणि सगळे पुन्हा गणित करतात.

सगळी भिस्त मात्र एका गोष्टीवर आहे. नकाशा खरा हवा. तो चुकला तर सगळेच एकदम चुकतात.

चार तास सगळे ठप्प

२७ ऑक्टोबर १९८० रोजी नेमके तेच झाले. चिठ्ठ्यांवरचे क्रमांक ० ते ६३ एवढेच होते. इथेही सहा बिट, म्हणजे पुन्हा ६४. ६३ नंतर परत ० येई. त्यामुळे नवी चिठ्ठी कोणती, हे घड्याळाच्या काट्यासारखे ठरवावे लागे. दोन क्रमांकांपैकी जो ३२ किंवा त्याहून कमी पावले पुढे, तो नवा.

त्या दिवशी एका नाक्याच्या मेमरीत बिघाड होऊन क्रमांकातले बिट गळाले. एकाच चिठ्ठीच्या तीन प्रती झाल्या, क्रमांक ८, ४० आणि ४४. आता बघा. ४० पेक्षा ४४ नवा. ४४ पासून २८ पावलांवर ८ येतो, म्हणून ८ नवा. आणि ८ पासून ३२ पावलांवर ४०, म्हणून ४० नवा. तिन्ही प्रती एकमेकींपेक्षा नव्या ठरल्या! प्रत्येक नाका ती चिठ्ठी नवी समजून पुढे पाठवत राहिला. चिठ्ठ्यांना इतर मालाच्या आधी वाट मिळत असे, त्यामुळे खरा माल अडकून पडला. काही तास सगळे आर्पानेट ठप्प झाले.

तारेवरून जाताना चिठ्ठीची तपासणी होत होती. पण मेमरीत पडून असताना ती खराब झाली तर पकडायची सोय नव्हती. रोख नेताना दोनदा मोजायची आणि तिजोरीतली शिल्लक कधी ताळायचीच नाही, असा तो प्रकार. आणि सर्वांत वाईट म्हणजे, बिघडलेले यंत्र बंद केले तरी गोंधळ थांबत नव्हता. त्याच्या चिठ्ठ्या इतरत्र फिरतच होत्या. शेवटी माणसांनी प्रत्येक नाक्यावरच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करून त्या चिठ्ठ्यांकडे दुर्लक्ष करायला लावले, तेव्हा नेटवर्क सावरले.

कॅफेतल्या रितीत काहीच चूक नव्हती. ती दिलेल्या नकाशावर वाट काढते. नकाशा आपोआप खरा राहील अशी व्यवस्था मात्र नव्हती. सहा वर्षांपूर्वी डायक्स्ट्रा यांनी दोन पानांत विचारलेला प्रश्न हाच होता.

१९८३ मध्ये अमेरिकी संगणक अभियंत्या रेडिया पर्लमन यांनी चिठ्ठ्या पसरवण्याची अशी रीत मांडली की, वह्यांत कितीही घाण झाली तरी ठरावीक काळात, माणसाने हात न लावता, सगळे जागेवर यावे. त्याच वर्षी लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेतल्या भाषणात डायक्स्ट्रा यांच्या १९७४ च्या विसरलेल्या लेखाकडे सगळ्यांचे लक्ष वेधले. तो त्यांच्या सर्वांत चमकदार कामांपैकी आहे, असे लॅम्पोर्ट यांनी सांगितले.

आज कंपन्या, बँका आणि विद्यापीठांच्या आतल्या नेटवर्कमध्ये ओएसपीएफ आणि आयएस-आयएस या दोन लिंक-स्टेट पद्धती सर्रास चालतात. ओएसपीएफचे पहिले विवरण १९८९ मध्ये आले. ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट हे त्याचे पूर्ण नाव. त्यातले ओपन म्हणजे कोणालाही वापरायला मोकळे आणि पुढचे शब्द म्हणजे डायक्स्ट्रा यांची रीत. यात शेजारी साधारणपणे दर दहा सेकंदांनी एकमेकांना हॅलो म्हणतात. चाळीस सेकंद हॅलो आले नाही तर दुवा तुटला असे धरतात. चिठ्ठीचा क्रमांक आता गोल फिरत नाही, सरळ वाढत जातो. वहीत पडून असलेली चिठ्ठीही तपासली जाते. मालकाने दर अर्ध्या तासाला ती नव्याने काढायची असते आणि एक तास जुनी झालेली चिठ्ठी रद्द होते. १९८० च्या खोळंब्याने शिकवलेले धडे असे नियमांत उतरले आहेत.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कमधला व्यवहार मात्र वेगळ्या पद्धतीने चालतो. तिथे कोणी आपला आतला नकाशा दुसऱ्याला दाखवत नाही.

फाउंटन पेनवाला प्राध्यापक

ज्यांच्या गणितावर एवढा पसारा उभा आहे, ते डायक्स्ट्रा स्वतः संगणकापासून लांबच राहत. १९७३ पासून ते बरोज कंपनीचे संशोधक होते आणि काम करत घरूनच, आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावात. विचार करायचा आणि फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरात टिपण लिहायचे. त्याच्या प्रती काढून मित्रांना पाठवायच्या. त्यांनी ती पुढे द्यायच्या. अशी १३०० हून अधिक टिपणे त्यांनी लिहिली. प्रत्येकावर आद्याक्षरे आणि क्रमांक. ती हातोहात जगभर पसरली.

१९८४ मध्ये ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला शिकवायला गेले. घरात टीव्ही नव्हता, मोबाइल नव्हता. पियानो होता आणि मोझार्टची आवड होती. पत्नीबरोबर फिरायला एक फोक्सवॅगन गाडी होती. ट्युरिंग मशीनच्या नावावर कोटी करून तिचे नाव त्यांनी टूरिंग मशीन ठेवले होते. स्वभाव मात्र परखड. पुढे कॉफीच्या कपावर जन्मलेल्या रितीचेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसले, याचे त्यांना स्वतःला आश्चर्य वाटे.

१९९९ मध्ये ते निवृत्त झाले. कर्करोगाने गाठल्यावर न्यूनेनला परतले आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. मागे पत्नी रिया आणि तीन मुले होती. त्याच वर्षी १९७४ च्या त्या दोन पानांच्या लेखाला, अनेक यंत्रांनी मिळून काम करण्याच्या शास्त्रातला प्रभावी लेख म्हणून पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षापासून त्या पुरस्कारालाच डायक्स्ट्रा यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या तीन पानांनी जवळची वाट काढायला शिकवले. दोन पानांनी शिकवले की, वाट चुकलेल्या कारभारालाही परत येता आले पाहिजे. पावसात कुठे केबल तुटते, मिनिटभर फोटो अडकतो आणि मग कोणी काही न करता पोहोचतो. त्या मिनिटात कुठल्याशा राऊटरने नकाशा दुरुस्त करून ॲमस्टरडॅमच्या कॅफेतले गणित पुन्हा एकदा केलेले असते.